आपल्या जिल्ह्यातील थोर व्यक्ती : चरित्रपाठाची पूर्वतयारी



इतिहासाच्या तासाला थोरांची चरित्रे सांगण्याची आपली प्रथा जुनी आहे, आणि ती योग्यच आहे. बालमनाला सनावळीपेक्षा माणूस लवकर कळतो. परंतु शाळाभेटींच्या निमित्ताने जे पाठ पाहावयास मिळतात, त्यांत एक उणीव वारंवार आढळते. मुलांना थोरांची नावे पाठ असतात, जयंती-पुण्यतिथी पाठ असतात, घोषणाही पाठ असतात. मात्र त्या व्यक्तीने आयुष्यभर नेमके काय केले, हे विचारले असता वर्ग स्तब्ध होतो. सदर लेखाचा हेतू ही उणीव दूर करण्यास साहाय्य करावे, एवढाच आहे. त्यासाठी दूरची उदाहरणे न घेता आपल्या बुलढाणा जिल्ह्यातीलच चार व्यक्ती निवडल्या आहेत.

प्रारंभी माझ्या स्वतःच्या एका अपुऱ्या पाठाची हकीकत सांगणे प्राप्त आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी घाटावरील एका दोनशिक्षकी शाळेत होतो. १२ जानेवारीचा दिवस होता. राजमाता जिजाबाईंविषयी मी मुलांना उत्साहाने सांगितले. पाठ संपल्यावर सातवीतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “गुर्जी, जिजाऊनंतर आपल्या जिल्ह्यात कोनी बाई मोठी झालीच नाही काय?” मला उत्तर देता आले नाही. “तू शीक, तू मोठी हो,” असे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. वाक्य गोड होते, पण ते प्रश्नाचे उत्तर नव्हते. पुढील वर्षी त्या मुलीची शाळा सुटली, लवकरच लग्नही झाले. तिच्या प्रश्नाचे उत्तर बुलढाणा गावातच होते, ते छापील पुस्तकाच्या रूपाने उपलब्ध होते, आणि मी ते वाचलेले नव्हते, हे मला बऱ्याच वर्षांनी समजले. तेव्हापासून चरित्रपाठाकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

थोरपण ओळखण्याचे तीन प्रश्न

थोर व्यक्ती म्हणजे जन्मतःच निराळी घडलेली व्यक्ती, अशी समजूत मुलांच्या मनात नकळत रुजते. तिचा परिणाम असा होतो की मूल त्या व्यक्तीला नमस्कार करते आणि तिच्यापासून दूर राहते. हे टाळावयाचे असेल तर प्रत्येक चरित्र शिकविताना तीन प्रश्न फलकाच्या डाव्या बाजूस लिहून ठेवावेत.

१. या व्यक्तीपुढे कोणती अडचण होती?
२. त्या अडचणीत तिने कोणते काम केले, आणि किती वर्षे केले?
३. ते काम आपल्यापर्यंत कसे पोहोचले? ते कोणी जपले?

पहिले दोन प्रश्न बहुतेक शिक्षक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात विचारतात. तिसरा प्रश्न सहसा राहून जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कार्य कितीही मोठे असो, ते कोणी लिहून ठेवले नाही, कोणी शिकविले नाही, तर दोन पिढ्यांत पुसले जाते. पुढील चार चरित्रे या दृष्टीने पाहावीत.

पहिले चरित्र : राजमाता जिजाबाई

जिजाबाईंचा जन्म सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवराव यांच्या घराण्यात झाला. १२ जानेवारी १५९८ ही त्यांची जन्मतिथी मानली जाते. लखुजी हे निजामशाहीतील मातब्बर सरदार. सिंदखेडराजा येथे आजही त्यांचा राजवाडा, त्यांची भव्य समाधी आणि मोती तलाव व चांदणी तलाव ही जलाशये पाहावयास मिळतात. मुलांची सहल तेथे नेल्यास केवळ जन्मस्थानाच्या दालनापाशी थांबू नये; तलावाच्या बांधावरही न्यावे. पाणी अडविणे हाही राज्यकारभाराचा भाग असतो, ही गोष्ट आपल्या कोरडवाहू भागातील मुलांना चटकन उमगते.

जिजाबाईंपुढील अडचण कोणती? मुलांना ती स्पष्ट शब्दांत सांगावी. १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवराव, त्यांचे पुत्र व नातू यांची दग्याने हत्या झाली. त्या वेळी जिजाबाई गरोदर होत्या. सुमारे सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. त्याच सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला होता, आणि पुणे परगणा फौजांच्या धामधुमीत उजाड झाला होता. माहेर असे उद्ध्वस्त झालेले, पती शहाजीराजे मोहिमांवर दूर, मुलूख ओसाड आणि पदरी लहान मूल, अशी ती परिस्थिती होती.

आता त्यांचे काम. पुण्यास येऊन त्यांनी उजाड जहागिरीत पुन्हा वस्ती होण्यासाठी परिश्रम घेतले. कसबा गणपतीची स्थापना त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. ज्या गावात देवळाची घंटा वाजते आणि नांगर चालतो, तेथे लोक धीर धरून राहतात, हे त्यांनी ओळखले होते. पुढे थोरला पुत्र संभाजी कनकगिरीच्या लढाईत कामी आला, १६६४ साली शहाजीराजांचे निधन झाले. तरी त्यांनी कर्तव्य सोडले नाही. १६६६ साली महाराज आग्र्यास गेले व तेथे अडकून पडले, तेव्हा राज्याचा कारभार जिजाबाईंच्या देखरेखीखाली होता. येथे मुलांना एक सोपे उदाहरण घालावे : १६६६ वजा १५९८. उत्तर येते ६८. ज्या वयात आपल्या घरची आजी ओसरीवर बसून नातवंडे सांभाळते, त्या वयात या आजी राज्य सांभाळीत होत्या. हे वाक्य मुले विसरत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर अकराच दिवसांनी, १७ जूनला, पाचाड येथे जिजाबाईंनी देह ठेवला. त्यांचे वय त्या वेळी ७६ वर्षांचे होते. तेथे त्यांची समाधी आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर या चरित्रापुरते सोपे आहे. राज्य उभे राहिले, म्हणून बखरी लिहिल्या गेल्या, पत्रे जपली गेली. महाराष्ट्रात शिवचरित्र शिकविण्याची परंपरा आहे, म्हणून जिजाबाई प्रत्येक मुलास ठाऊक आहेत. परंतु ज्यांच्या मागे राज्य नव्हते, त्यांचे काय झाले? दुसरे चरित्र त्यासाठी घ्यावे.

दुसरे चरित्र : ताराबाई शिंदे

ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. ताराबाईंचा जन्म सुमारे १८५० चा आणि मृत्यू सुमारे १९१० चा. मुलींना अक्षरओळख करून देणे हेदेखील गैर मानले जाई, अशा काळात बापूजींनी आपल्या मुलीला मराठीबरोबर संस्कृत व इंग्रजीही शिकविले.

१८८१ साली सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर स्वतःच्या नवजात बालकाच्या हत्येबद्दल खटला झाला. तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली व पुढे अपिलात ती कमी करण्यात आली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून एकट्या त्या स्त्रीवरच नव्हे, तर समस्त स्त्रीजातीवर टीकेचा भडिमार सुरू झाला. स्त्रिया बिघडल्या, शिक्षणाने शेफारल्या, असा सूर निघाला. बुलढाण्यात बसून हे वाचणाऱ्या ताराबाईंना ते सहन झाले नाही. त्यांनी लेखणी उचलली आणि ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहिला. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात तो छापला गेला.

या निबंधाचा आशय थोडक्यात असा सांगता येईल. जे दोष स्त्रियांच्या अंगी आहेत असे म्हटले जाते, ते एकेक घेऊन ताराबाई विचारतात की हे पुरुषांत नाहीत काय? पत्नी वारल्यावर पुरुषाने दुसरे लग्न केले तर ते रीतीला धरून, मग पती वारल्यावर स्त्रीने जन्मभर तोंड लपवून का बसावे? नियम कोणी केले आणि ते कोणासाठी केले? त्यांची भाषा घरगुती, तिखट आणि म्हणींनी भरलेली आहे. विद्वान वाचतील म्हणून त्यांनी ती सोवळी केली नाही. स्त्रीपुरुषांच्या समान योग्यतेचा इतका सरळ पुरस्कार करणारे भारतीय स्त्रीचे हे अगदी आरंभीचे आधुनिक लेखन होय, असे अभ्यासक मानतात.

पुस्तकावर टीकेची झोड उठली. सुधारकांपैकीही काहींना ते रुचले नाही. तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि लेकीसारखा त्यांचा उल्लेख केला. त्यानंतर मात्र सर्वत्र शांतता पसरली. ताराबाईंनी पुढे दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. त्यांच्या जन्माची व मृत्यूची तारीखही कोणी टिपून ठेवली नाही. सुमारे नव्वद वर्षे हे पुस्तक लोकांच्या नजरेआड राहिले. १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी ते संपादून पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा मराठी वाचकांना ताराबाई परत मिळाल्या. १९९४ साली रोझालिंड ओहॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला आणि बुलढाण्याच्या या लेखिकेचे नाव जगातील विद्यापीठांत पोहोचले.

शिक्षकांसाठी एक सूचना. सुरतेच्या खटल्याचा तपशील लहान मुलांपुढे मांडू नये. चौथी-पाचवीत ‘स्त्रियांची निंदा वाचून त्यांनी पुस्तक लिहिले’ एवढेच पुरे. सहावी-सातवीत मात्र वर्गापुढे एक साधा प्रश्न ठेवावा : घरात मुलग्याला चालते पण मुलीला चालत नाही, अशी एखादी गोष्ट सांगा. मुले-मुली दोघांनाही बोलू द्यावे. घाईने निर्णय देऊ नये. ताराबाईंनी हाच प्रश्न १८८२ साली विचारला होता, हे शेवटी सांगावे. पाठ तेवढ्याने पूर्ण होतो.

तिसरे चरित्र : पंढरीनाथ सीताराम पाटील

ज्या जोतीरावांनी बुलढाण्याच्या लेकीची पाठराखण केली, त्यांचे स्वतःचे चरित्र कोणी लिहिले? जोतीरावांचे निधन २८ नोव्हेंबर १८९० रोजी झाले. त्यांच्यामागे त्यांचे ग्रंथ होते, सत्यशोधक समाज होता, सावित्रीबाई होत्या. तरी त्यांचे सुसंगत जीवनवृत्त पुस्तकरूपाने लोकांसमोर नव्हते. ते काम चिखलीच्या पंढरीनाथ पाटील यांनी केले. त्यांचा जन्म १९०३ चा. त्यांनी लिहिलेले महात्मा फुले यांचे चरित्र १९२७ साली प्रसिद्ध झाले. जोतीरावांचे पहिले विस्तृत मराठी चरित्र म्हणून ते ओळखले जाते. सालांची वजाबाकी मुलांकडून करून घ्यावी. लेखकाचे वय २४ वर्षांच्या आतबाहेरचे होते.

या कामाचे महत्त्व मुलांना असे पटवावे. १९२७ साली जोतीरावांना डोळ्यांनी पाहिलेली, त्यांचे भाषण कानांनी ऐकलेली वृद्ध माणसे हयात होती. आणखी वीस वर्षे कोणी काही लिहिले नसते, तर ती माणसे आणि त्यांच्या आठवणी दोन्ही गेल्या असत्या. म्हणजे चरित्रलेखनास एक हंगाम असतो. पेरणीचा वापसा गेला की बियाणे कितीही चांगले असून उपयोग होत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलास वेगळे सांगावे लागत नाही. पंढरीनाथ पाटलांनी वापसा साधला. पुढच्या चरित्रकारांना त्यामुळे पायाखाली जमीन मिळाली.

ताराबाई व पंढरीनाथ ही दोन चरित्रे जोडून शिकविण्याचे कारण येथे ध्यानात येईल. दोघांच्या मध्ये जोतीराव उभे आहेत. एकीला त्यांनी आधार दिला, दुसऱ्याने त्यांची स्मृती राखली. पुण्याचे कार्य आणि वऱ्हाडातील आपली माती यांचे नाते त्यातून मुलांना दिसते.

चौथे चरित्र : कवी ना. घ. देशपांडे

थोर होण्यासाठी मोठ्या शहरात जावे लागते, ही समजूत खेड्यातील मुलांच्या मनात खोल असते. ती दूर करण्यासाठी मेहकरचे कवी नागोराव घनःश्याम देशपांडे यांचे चरित्र उपयोगी पडते. त्यांचा जन्म १९०९ साली आपल्याच जिल्ह्यात झाला. व्यवसाय वकिलीचा, वास्तव्य मेहकरास. त्यांची ‘शीळ’ ही कविता गायक जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली आणि मराठी भावगीताच्या आरंभकाळातील एक अत्यंत लोकप्रिय गीत ठरली. ‘शीळ’ हा त्यांचा संग्रह १९५४ साली, ‘अभिसार’ १९६३ साली निघाला. ‘खूणगाठी’ या संग्रहास १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २००० साली त्यांचे निधन झाले.

पहिला संग्रह निघाला तेव्हा कवीचे वय ४५ होते आणि अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा ७७. घाई नाही, गाव सोडणे नाही, दिवसाचे काम टाकणे नाही. रोजचा व्यवसाय प्रामाणिकपणे करीत असताना मनातील एक काम आयुष्यभर जपता येते, हा या चरित्राचा बोध आहे. तो मुलांइतकाच आम्हा शिक्षकांनाही लागू आहे.

पाठाची मांडणी

या चार चरित्रांसाठी चार तासिका योजाव्यात आणि पाचवी तासिका एकत्रित उजळणीस द्यावी. उजळणीसाठी कोणतेही खर्चाचे साधन लागत नाही. चार मीटर लांबीची एक सुतळी घ्यावी. एका वर्षास एक सेंटिमीटर असे प्रमाण ठरवावे. सुतळीच्या एका टोकास १५९८ व दुसऱ्या टोकाजवळ १९९८ येईल. वर्गाच्या भिंतीलगत ती ताणून बांधावी आणि मुलांकडून पुढील खुणा चिठ्ठ्यांनी लावून घ्याव्यात :

१६३० – शिवजन्म
१६७४ – राज्याभिषेक व जिजाबाईंचे देहावसान
१८८२ – ‘स्त्रीपुरुष तुलना’
१८८५ – ‘सत्सार’मधील जोतीरावांचा पाठिंबा
१९२७ – जोतीरावांचे चरित्र
१९५४ – ‘शीळ’ संग्रह
१९७५ – ‘स्त्रीपुरुष तुलना’चे पुनःप्रकाशन

आता दोन अंतरे मुलांना पट्टीने मोजावयास सांगावीत. जिजाबाईंचे अवघे आयुष्य ७६ सेंटिमीटर भरते. १८८५ पासून १९७५ पर्यंतचे अंतर ९० सेंटिमीटर भरते. म्हणजे ताराबाईंचे पुस्तक जितकी वर्षे विस्मृतीत पडून होते, ती वर्षे जिजाबाईंच्या संपूर्ण आयुष्याहूनही अधिक आहेत. हे शिक्षकाने सांगू नये. मुलांनी मोजावे आणि त्यांनीच बोलावे. एका शाळेत ही कृती करून घेतली, तेव्हा मागच्या रांगेतील एका मुलाने विचारले, “इतकी वर्सं ते पुस्तक कोनी उघडलंच नाही?” मोजमापानंतर असा प्रश्न वर्गातून आला, तर पाठाचे उद्दिष्ट साध्य झाले असे समजावे.

नोंदलेले आणि सांगितलेले

चरित्रपाठातील एक दक्षता येथे नमूद करणे आवश्यक आहे. थोरांभोवती कथा जमतात. त्या गोड असतात आणि मुलांना आवडतात, म्हणून त्या टाकून देऊ नयेत. मात्र दस्तऐवजात नोंदलेली घटना आणि लोकपरंपरेने सांगितलेली कथा यांतील फरक शिक्षकाच्या वाक्यरचनेतून स्पष्ट व्हावा. ‘असे घडले’ आणि ‘असे सांगतात’ या दोन क्रियापदांचा वापर जपून करावा.

उदाहरणार्थ, शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला, हे ‘घडले’. पुण्याच्या जमिनीवर जिजाबाईंनी सोन्याचा नांगर फिरविला, हे ‘सांगतात’. संत चोखामेळा यांचा जन्म देऊळगावराजा तालुक्यातील मेहुणाराजा येथे झाला, ही ‘परंपरा’ आहे; त्यांचे अभंग मात्र आपल्यापुढे प्रत्यक्ष आहेत. फलकावर दोन रकाने पाडून मुलांकडूनच वाक्यांची विभागणी करून घ्यावी. परंपरेच्या रकान्यात गेलेली गोष्ट खोटी ठरत नाही; लोकांनी त्या व्यक्तीवर किती प्रेम केले, हे ती सांगते. एवढे समजावले तर कोणाच्या भावना दुखावत नाहीत आणि सत्याचाही मान राहतो.

आयर्लंडमधील शाळांचे उदाहरण

स्थानिक इतिहास जपण्याच्या कामी प्राथमिक शाळा काय करू शकते, याचे एक ठळक उदाहरण परदेशातील आहे. आयर्लंड हा देश आपल्याप्रमाणेच दीर्घकाळ इंग्रजी सत्तेखाली होता. १९२२ साली तेथे स्वतंत्र राज्याची स्थापना झाली. जुनी माणसे जात आहेत आणि त्यांच्याबरोबर गावोगावच्या कथा, थोरांच्या आठवणी, स्थळनामे, औषधोपचार हे सारे जात आहे, हे तेथील जाणत्यांनी ओळखले. १९३५ साली लोकपरंपरेच्या संग्रहासाठी एक आयोग नेमण्यात आला. १९३७ ते १९३९ या काळात आयोगाने शिक्षण खाते व शिक्षकांची संघटना यांच्या साहाय्याने प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांना एक काम दिले. मुलांनी घरी जाऊन आजीआजोबांना, शेजाऱ्यांना विचारावे, आणि ऐकलेले आपल्या वहीत निबंधाच्या तासाला लिहावे. शिक्षकांना विषयांची यादी असलेली पुस्तिका पुरविण्यात आली.

सुमारे ५,००० शाळा आणि सुमारे ५०,००० मुले या कामात सहभागी झाली. त्या वह्या डब्लिन येथील विद्यापीठात आजही जपलेल्या आहेत आणि आता संगणकावर जगात कोठेही वाचता येतात. त्यांचे लेखक ११ ते १४ वर्षांची खेड्यातील मुले होती, आणि त्यांना मार्ग दाखविणारे तुमच्या-आमच्यासारखे प्राथमिक शिक्षक होते. यात विशेष निधी, विशेष विद्वत्ता असे काही लागले नाही. लागली ती वही, लेखणी आणि प्रश्न विचारण्याची सवय.

आपल्या जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. घाटावरची बोली व घाटाखालची बोली यांत फरक, पिकांत फरक, आठवणींतही फरक. प्रत्येक गावात स्वातंत्र्यलढ्यातील एखादा सत्याग्रही, पहिली शाळा काढणारा गुरुजी, दुष्काळात विहीर खुली करणारी बाई, भजनी मंडळ उभे करणारा वारकरी असतोच. त्यांची नावे पाठ्यपुस्तकात येणार नाहीत. ती शाळेच्या वहीत यावीत.

स्वाध्याय व पुढील कार्य

सहावी-सातवीच्या मुलांसाठी पुढील स्वाध्याय सुचवीत आहे.

१. गावातील सर्वांत वृद्ध तीन व्यक्तींना भेटा. ‘आपल्या गावात लोकांसाठी ज्यांनी काम केले, असे कोण होते?’ हा प्रश्न विचारा. त्यांचे उत्तर त्यांच्याच बोलीत लिहा.
२. उत्तरातील एका व्यक्तीविषयी वर दिलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधा.
३. लिहिलेल्या मजकुरात ‘घडले’ व ‘सांगतात’ अशा खुणा करा.
४. सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय आणि तारीख शेवटी लिहा. तारीख विसरू नका.

चौथ्या सूचनेवर शिक्षकांनी विशेष लक्ष ठेवावे. ताराबाईंच्या वाट्याला तारीखही आली नाही, हे आपण पाहिलेच. ही वही निकालपत्रकांप्रमाणेच शाळेच्या कपाटात जपावी आणि बदलीच्या वेळी कार्यभारासोबत नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी. वर्षअखेरीस केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने आपल्या वहीतील एक चरित्र वाचून दाखवावे, अशी माझी केंद्रप्रमुखांस विनंती आहे.

शेवटी त्या मुलीविषयी. ती आता मोठी झाली असेल, कदाचित तिच्या मुलांनाही आपल्याच एखाद्या शाळेने शिकविले असेल. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला देऊ शकलो नाही, म्हणून ते येथे लिहीत आहे : होय, झाली. बुलढाण्यातच झाली. तिचे नाव ताराबाई शिंदे, आणि तिने १८८२ साली पुस्तक लिहिले. उद्या आपल्या वर्गात कोणी असा प्रश्न विचारला, तर उत्तरासाठी कोणाही गुरुजीला, कोणाही बाईंना पंचवीस वर्षे थांबावे लागू नये.